अस्तरात राहिलेली चिठ्ठी

टाचणीकाकूंच्या ओठांत टाचण्या आहेत तोवर समोरच्यानं खुशाल बोलून घ्यावं. "काकू, मागच्या वेळी कंबर घट्ट केलीत हं," म्हणावं, नाहीतर "कोपऱ्यावरचा शिंपी दोन दिवसांत देतो," म्हणावं. उत्तर एकच येणार, "हं." शेवटची टाचणी कापडात गेली की मात्र काकूंचं तोंड मोकळं होतं आणि ज्याला त्याला त्याच्या मापाचं मिळतं. "कंबर मी घट्ट केली नाही साहेब, तुम्ही वाढवलीत. टेप खोटं बोलत नाही." वर पुन्हा हसणार अशा, की साहेबाला रागावताही येऊ नये.

बावीस वर्षं त्या जिन्याखालच्या खोलीत मशीन चालवतायत. समोर मशीन, मागे इस्त्रीचं टेबल, भिंतीला आडवी दांडी आणि दांडीवर ओळीनं टांगलेले लोकांचे कपडे. पडद्यापलीकडे राहायची खोली. काकूंचे यजमान लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतात, महिन्यातले आठ दिवस घरी. बाकीचे बावीस दिवस घरात दोघीच, काकू आणि लेक. काकूंचं शिक्षण सातवी. पण आज त्यांना इंग्रजीतले बाराशे अवघड शब्द येतात, आणि साधेसुधे नव्हेत, भल्याभल्या पदवीधरांची बोबडी वळावी असले. हे कसं झालं ते ऐकण्यासारखं आहे.

लेकीला भाषांतरकार व्हायचं होतं. मोठ्या विद्यापीठात तो अभ्यासक्रम होता आणि तिच्या कॉलेजमधून तिथं दोघांना शिष्यवृत्तीवर पाठवत. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. लेखीत एक अख्खा पेपर नुसत्या शब्दांचा. बाराशे शब्दांची यादी, त्यातले कुठलेही शंभर विचारणार. लेकीनं पहिल्या वर्षी सगळी यादी घोकली. तोंडपाठ म्हणजे तोंडपाठ, झोपेतून उठवलं तरी सांगेल. पेपर हातात आला आणि सगळ्या शब्दांचा काला झाला. याचा अर्थ त्याला, त्याचा तिसऱ्याला. दुसऱ्या वर्षी तीन गुणांनी गेलं. तिसरा प्रयत्न शेवटचा, त्यानंतर वयाची अट आडवी येत होती.

दुसऱ्या निकालानंतर पोरगी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवण नाही, बोलणं नाही. काकूंचा जीव तुटत होता, पण समजावायचं काय, हेच कळेना. शेवटी त्यांनी ते शब्दांचं पुस्तक उचललं, पोरीच्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाल्या, "वाच त्यातला एक."

"कशाला?"

"मला ऐकायचाय."

"गॅर्युलस," लेक भिंतीलाच म्हणाली. "म्हणजे वाचाळ. उगीचच्या उगीच लांबण लावणारा."

काकूंनी हातातल्या टाचण्या डबीत टाकल्या. "म्हणजे औषधवाल्याची बायको!"

पोरगी वळली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं. कारण औषधवाल्याची बायको आदल्याच दिवशी एका बटणासाठी आली होती आणि पाऊण तास बोलून बटण विसरून गेली होती.

"पुढचा वाच," काकू म्हणाल्या.

"लॅकॉनिक. मोजकं बोलणारा."

"आपला घड्याळजी."

शेजारच्या घड्याळजीला कधीही, काहीही विचारा, तो "होईल" म्हणतो. याहून मोठं वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. लेक उठून बसली, म्हणाली, "आई, भूक लागलीय." काकूंनी त्या दिवशी मशीनवर झाकण घातलं आणि भर दुपारी दुकान बंद केलं.

तिथून सुरुवात झाली. लेकीनं जाड कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या. एका बाजूला ती शब्द लिहायची, मागच्या बाजूला काकू आपल्या टपोऱ्या अक्षरात अर्थ आणि उदाहरण लिहायच्या. मग ती चिठ्ठी त्या माणसाच्या कपड्यालाच, आतल्या बाजूनं टाचायची. दांडीवर कपडा दिसला की शब्द आठवायचा, शब्द आठवला की माणूस डोळ्यापुढे उभा. कारकूनसाहेबांची पँट सहा महिने न्यायला कुणी आलं नव्हतं, तिला 'प्रोक्रॅस्टिनेट' म्हणजे चालढकल करणं. एक बाई झगा आधी आखूड करायला सांगायच्या, मग लांब, मग पुन्हा आखूड, तिथं 'अँबिव्हॅलंट', धड इकडे नाही, धड तिकडे नाही. दातांचे डॉक्टर शर्टाचं प्रत्येक काज बोट घालून तपासत, ते 'मेटिक्युलस'. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी चिठ्ठी काढायची आणि तारेच्या आकड्यात ओवायची. आकडा भरत चालला.

माणसं कमी पडली तर काकू सामानावर यायच्या. 'सुपरफ्लुअस' म्हणजे काज नसलेलं शोभेचं बटण, नसलं तरी कुणाचं काही अडत नाही. 'इफेमरल' लेकीनं वाचला, "क्षणभर टिकणारं," म्हणाली. काकूंनी कापडावर खडूची रेघ मारली आणि तिच्यावरून इस्त्री फिरवली. "गेली. कळला?"

एका गोष्टीत मात्र काकू फार कडक. अर्थ मापात बसला पाहिजे. लेक कधी कंटाळून म्हणायची, "चालेल गं आई, साधारण 'हट्टी' असाच आहे."

"साधारण म्हणजे काय? साधारण मापाचा कोट तू घालशील का? काखेत काचला तर बोंबलतेस. 'हट्टी' वेगळा, 'ठाम' वेगळा. एक माणूस चुकीचं धरून बसतो, एक बरोबर. बघ परत पुस्तकात."

पोरगी बघायची परत. अर्थाला बोटभरही ढिलं सोडायचं नाही, हा त्या घराचा कायदाच झाला होता. माप बदलायचं नाही, मग समोर कुणी का असेना, हे काकू रोज एकदा तरी म्हणत. लोक हसायचे. सातवी शिकलेली शिंपीण इंग्रजी शिकवतेय म्हणे! लोकांना हसायला काय जातं? काकूंच्या ओठांत टाचण्या असायच्या, त्या "हं" म्हणायच्या.

तिसऱ्या लेखी परीक्षेत लेकीला शब्दांच्या पेपरात शंभरात सत्त्याण्णव पडले. आता राहिली मुलाखत. सहा जणांना बोलावणं होतं, जागा दोन, आणि निवड कॉलेजच्या मोठ्या बाईंच्या हातात.

या मोठ्या बाई म्हणजे कॉलेजच्या प्राचार्या आणि काकूंचं अकरा वर्षांचं गिऱ्हाईक. हुशार बाई, कष्टानं वर आलेल्या, पण तोरा असा की दुकानात शिरल्या तरी वाटावं, वर्गात शिरल्या. मुलाखतीच्या चार दिवस आधी त्या नवा काळा कोट घेऊन आल्या. विकत घेतलेला होता, अंगाबरोबर करून हवा होता.

"खांदे पडल्यासारखे दिसतायत. पॅड घाला."

"बाई, पॅड आहेत यात."

"अजून घाला. समोरच्याला कळलं पाहिजे कुणापुढे बसलाय ते. आणि मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी शिपाई न्यायला येईल."

काकूंच्या ओठांत नेमक्या टाचण्या होत्या. "हं."

बाई गेल्या आणि आत पडद्यामागे अभ्यासाला बसलेल्या लेकीनं यादीतला शब्द वाचला, "पॉम्पस." मायलेकी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की काकूंना मशीन थांबवावं लागलं. चिठ्ठी तयार झाली. पुढे लेकीच्या अक्षरात शब्द, मागे काकूंच्या टपोऱ्या अक्षरात: 'आपल्याच मोठेपणाचा डामडौल करणारा. उदा. कॉलेजच्या मोठ्या बाई. (खांद्यात अजून पॅड हवेत म्हणतात.)'

आता काकूंची एक शिस्त होती. कुठल्या कपड्याला किती टाचण्या लावल्या, ते त्या लक्षात ठेवत आणि इस्त्रीआधी मोजून डबीत परत टाकत. बावीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला टाचणी टोचली असेल तर शपथ. पण हा कोट जाडजूड, त्याच्या गुळगुळीत अस्तरात टाचणी धरेना, घसरून पडायची. म्हणून काकूंनी ती चिठ्ठी आतल्या खिशाच्या वर दोन कच्च्या टाक्यांनी अडकवून ठेवली. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी शिपाई दारात उभा, घाई घाई. काकूंनी टाचण्या मोजल्या, चौदाच्या चौदा भरल्या. समाधानानं इस्त्री फिरवली, कोट कागदात गुंडाळला आणि दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक निघायच्या आधी आकड्यातल्या चिठ्ठ्या शेवटच्या चाळत होती. "आई, पॉम्पसची चिठ्ठी कुठंय?" विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पायांत चपला सरकवून गेलीसुद्धा. काकूंनी डबीत पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. आणि एकदम त्यांना ते दोन कच्चे टाके आठवले.

पोरीचा शेवटचा प्रयत्न! तीन वर्षांची मेहनत, आणि आपण आपल्या हातानं ती त्या बाईच्या खिशाशी शिवून पाठवली! दुकानाचं दार ओढलं, कडी घातली की नाही देव जाणे, आणि काकू कॉलेजच्या दिशेनं पळत सुटल्या. गळ्यात टेप तसाच. बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान तसंच. रस्त्यात औषधवाल्याच्या बायकोनं हाक मारली, तर तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कॉलेजच्या व्हरांड्यात पाच मुलंमुली बाकावर बसली होती. लेक त्यांत नव्हती. म्हणजे आत गेली होती. शिपायानं "काकू, इथं कुठं?" म्हणून अडवलं. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून मोठ्या बाईंचा आवाज स्पष्ट येत होता.

"लेखीचे गुण उत्तम आहेत. आता मी एकच शब्द विचारते. हा वाच."

आत कागद सरकल्याचा आवाज झाला. काकूंना न बघताही कळलं, बाईंनी काय पुढे केलं असेल.

"पॉम्पस," लेकीचा आवाज आला, अगदी बारीक. "आपल्याच मोठेपणाचा डामडौल करणारा."

"बरोबर. आणि मागे उदाहरण दिलंय, तेही वाचलं असशीलच. कुणी लिहिलं हे?"

"मी," लेक म्हणाली.

काकूंनी शिपायाचा हात बाजूला केला आणि दार ढकललं. "खोटं बोलतेय ती, बाई. मी लिहिलंय."

मोठ्या बाई टेबलामागे बसल्या होत्या, अंगात तोच काळा कोट. दोन्ही बाजूंना दोन परीक्षक. लेक खुर्चीत पांढरीफटक. बाईंनी काकूंना गळ्यातल्या टेपपासून पायांपर्यंत न्याहाळलं.

"माहीत आहे मला. अकरा वर्षं माझ्या मापांच्या पावत्या याच अक्षरात येतात. तुमचं शिक्षण किती?"

"सातवी."

"मग हा शब्द तुम्हाला कुठून आला?"

"ही घोकायची, मी ऐकायची. माझ्या तोंडात टाचण्या असतात ना, मग कान रिकामेच."

एका परीक्षकानं पाण्याचा पेला तोंडाला लावला. बाई हसल्या नाहीत. "पुस्तकातला अर्थ तुमच्या मुलीनं सांगितला. तुम्ही तुमचा सांगा. पॉम्पस म्हणजे काय?"

काकूंनी गळ्यातला टेप हातात धरला. खोटं बोलायला वाव होता. 'भारदस्त' म्हणता आलं असतं, 'रुबाबदार' म्हणता आलं असतं. दोन्ही शब्द जवळपासचेच, आणि ऐकून बाई खूशही झाल्या असत्या. जिभेवर आलासुद्धा तो शब्द. पण लेक बघत होती. जिला वर्षभर सांगितलं, माप बदलायचं नाही, ती लेक समोर बसून बघत होती. ओठांत टाचण्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं काकूंना मनापासून वाटलं.

"पॉम्पस म्हणजे खांद्यातले पॅड, बाई," त्या म्हणाल्या. "माणसाचा खांदा असतो तेवढाच असतो. पॅडावर पॅड चढवले की दारातून आधी खांदे येतात आणि माणूस मागून येतो." त्या दोन पावलं टेबलाजवळ आल्या. "गिऱ्हाइकाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल लिहून ठेवलं, ही माझी चूक. त्याची तुम्हाला हात जोडून माफी मागते. पुन्हा माझ्याकडे शिवायला टाकू नका, काही म्हणणार नाही. पण अर्थ मी बदलणार नाही. मी तो बदलला तर हिला शिकवलेले बाराशे शब्द वाया गेले. आणि शिक्षा द्यायची तर मला द्या. हिनं नुसता शब्द लिहिलाय, माणूस मी बसवला."

बाईंनी चिठ्ठी उचलून वहीत ठेवली. "निकाल सोमवारी फळ्यावर लागेल. पुढच्याला पाठवा."

घरी येताना अर्धा रस्ता लेक पुढे आणि काकू मागे चालत होत्या. मग लेकीचा बांध फुटला. "तू आत कशाला आलीस? मी निभावत होते ना!"

"खोटं बोलून निभावत होतीस."

"तुझ्यासाठी बोलले! तुझा अपमान केला असता तिनं सगळ्यांदेखत."

"अगं, मी का माझ्यासाठी पळत आले?" काकूंना एकदम रडू आलं. "तुझं वाटोळं केलं मी. एक चिठ्ठी नीट काढता आली नाही मला. बावीस वर्षं टाचण्या मोजतेय, आणि धागा विसरले."

लेक रस्त्यातच थांबली. तिनं आईच्या बोटातलं अंगुस्तान काढलं आणि आपल्या मुठीत धरलं. "मघाशी तू जे सांगितलंस ना," ती म्हणाली, "तसा अर्थ कुठल्याच पुस्तकात नाही." आणि मग दोघी रडत रडतच घरी आल्या. कडी घातलेली नव्हती, पण कुणी काही नेलं नव्हतं.

सोमवारपर्यंतचे तीन दिवस कसे गेले ते विचारू नका. काकूंनी एका शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. घड्याळजीनं खिडकीतून डोकावून विचारलं, "होईल ना?" त्याच्या तोंडून दोन शब्द ऐकून काकूंना भरूनच आलं.

सोमवारी लेक एकटी गेली. काकू मशीनवर बसून राहिल्या, पण पायडलला पाय लागेनात. तासाभरानं जिन्याकडून धावत येणारी पावलं वाजली. लेक दारात उभी, दम लागलेला, बोलताच येईना. तिनं हातानं एक बोट वर केलं.

"एक काय? एका गुणानं गेलं?"

"एक नंबर! आई, यादीत पहिलं नाव माझं!"

काकूंनी तिला जवळ ओढलं ते टेप, खडू, अर्धवट शिवलेली बाही, सगळ्यासकट. बाराशे शब्द येत होते, त्यांतला एकही कामाला आला नाही.

संध्याकाळी कॉलेजचा शिपाई आला. हातात कागदाचं पुडकं. "मोठ्या बाईंनी दिलंय. म्हणाल्या, काय करायचं ते काकूंना सांगायला नको, आत लिहिलंय."

काकूंनी पुडकं सोडलं. आत तो काळा कोट होता, नीट घडी घातलेला. अस्तराला, आतल्या खिशाच्या वर, तीच चिठ्ठी दोन कच्च्या टाक्यांनी शिवलेली. टाके वेडेवाकडे होते. सुईची सवय नसलेल्या हातानं, पण स्वतः बसून घातलेले. काकूंनी चिठ्ठी उलटी केली. त्यांच्या टपोऱ्या अक्षराखाली लाल शाईत, वहीत तपासून देतात तसं, लिहिलं होतं:

'अर्थ अचूक. पूर्ण गुण. उदाहरण मात्र खांद्यातले सगळे पॅड काढून झाल्यावर पुन्हा तपासावे.'

काकूंनी ते दोनदा वाचलं, मग लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी दिवा कोटावर ओढून घेतला, छोटी कात्री उचलली आणि उजव्या खांद्याची शिवण उसवायला घेतली.